भिंतीवर चिठ्ठ्या चिकटल्या, पुढे काय?

एका शिक्षिकेचा प्रश्न असा: वर्गात वेबवरची संवादी साधनं वापरायला लागून वर्ष झालं. प्रश्नमंजूषा करून झाली, चिठ्ठ्यांची भिंत झाली, सगळ्यांनी मिळून लिहायचा दस्तऐवज झाला, ऑनलाइन फळाही झाला. पहिले दोन तास मुलं उत्साहात असतात, तिसऱ्या तासाला मरगळ. गटात एक जण लिहितो, बाकीचे बघत बसतात. सहकाऱ्यांशी साहित्याची देवाणघेवाण सुरू केली तर फायलींचा नुसता पसारा झाला. आणि ज्यांच्याकडे धड फोन नाही त्यांचं काय करायचं तेही कळत नाही. तर यातलं कोणतं साधन धरावं, कोणतं सोडावं?

बाई, नावं मी पुढे घेणार आहेच. पण तुमची ती तिसऱ्या तासाची मरगळ आधी धरतो, कारण बाकीच्या तक्रारींची मुळंही तिथेच सापडतील. चिठ्ठ्यांच्या भिंतीचा तास आठवून बघा. पॅडलेटवर प्रश्न टाकला, चाळीस जणांनी चाळीस चिठ्ठ्या डकवल्या, रंगीबेरंगी भिंत भरली. तुम्ही वरून खाली सरकवत दोन-चार चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या, ‘छान लिहिलंय सगळ्यांनी’ म्हणालात आणि ठरलेल्या धड्याकडे वळलात. हे मीही अनेकदा केलंय, म्हणून खात्रीने सांगतो. मुलांना दुसऱ्याच वेळेला कळून चुकतं की आपण काहीही लिहिलं तरी तास ठरल्या रुळावरूनच जाणार. मग डोकं कशाला खपवायचं? ‘वरच्यासारखंच’ एवढं लिहायचं आणि मोकळं व्हायचं.

म्हणून माझी कसोटी एकच. मुलांनी स्क्रीनवर जे टाकलं त्यामुळे माझी पुढची पाच मिनिटं बदलणार आहेत का? बदलणार नसतील तर लिंक वाटण्यात आणि ‘सर, माझं उघडत नाहीये’ ऐकण्यात दहा मिनिटं घालवू नयेत, खडू घ्यावा आणि शिकवावं.

पुढची पाच मिनिटं बदलणं म्हणजे काय, हे हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांच्या पद्धतीत छान दिसतं. 1991 पासून ते ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ वापरत आले. तेव्हा मुलांच्या हातात फोन नव्हते, पण पद्धत तीच आहे. एक संकल्पनेचा प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने विचार करून मत नोंदवायचं, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं आणि पुन्हा मत नोंदवायचं. पहिल्या फेरीत साधारण 30 टक्क्यांहून कमी बरोबर आले तर संकल्पनाच पोचलेली नाही, पुन्हा शिकवायचं. 70 टक्क्यांच्या वर गेले तर थोडक्यात खुलासा करून पुढे सरकायचं. मधल्या पट्ट्यात असतील तर मुलांनाच आपापसात वाद घालू द्यायचा. एकाच आकड्यावरून तुमच्या तासाला तीन वेगळ्या वाटा फुटतात.

माझा आवडता प्रश्न सांगतो. चेंडू सरळ वर फेकला. सर्वोच्च बिंदूला पोचला त्या क्षणी त्याचं त्वरण किती? पर्याय: शून्य, वरच्या दिशेने, खालच्या दिशेने 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग. ‘तिथे तो थांबतो ना, मग शून्य’ म्हणणारे ढिगाने निघतात. आता इथे हात आवरायचा असतो. मत नोंदवायचं साधन मेंटीमीटर असो की दुसरं काही, मत पडताक्षणी स्तंभालेख नाचायला लागतो आणि तो पडद्यावर दाखवायचा मोह होतो. तो झाकून ठेवा. जास्त उंच स्तंभ दिसला की वाद संपतो, कुंपणावरचे सगळे बहुमताकडे उडी मारतात. आलेख फक्त तुम्ही बघा आणि मुलांना एवढंच सांगा, ‘वर्गात दोन तट पडलेत. शेजाऱ्याचं उत्तर वेगळं असेल तर दोन मिनिटांत त्याला पटवा.’ वर्गात जो गलका होतो तो ऐकत बाकांमधून फिरा. कुणीतरी म्हणतंच, ‘अरे, त्वरण शून्य असेल तर तो तिथेच लटकून राहील की!’ हे वाक्य तुमच्या तोंडून येण्यापेक्षा त्या बाकावरून आलेलं बरं. दुसऱ्या फेरीनंतर दोन्ही आलेख शेजारी शेजारी दाखवा.

चुकीचे पर्याय मात्र मेहनतीने काढावे लागतात. मुलं खरोखर जी चूक करतात ती पर्यायात नसेल तर सगळी यंत्रणा वाया. मी जुन्या उत्तरपत्रिकांमधूनच चुका उचलतो.

काहूटसारख्या शर्यतीच्या प्रश्नमंजूषेबद्दल थोडक्यात. उजळणीला, तासाच्या शेवटी, मजा म्हणून ठीक. पण वेगाला गुण असतात तिथे मुलं विचार करत नाहीत, बोटं चालवतात. वेळ वाढवता येत असेल तर वाढवा, गुण बंद करता येत असतील तर बंद करा, आणि त्यातून कुणाला किती समजलं असा निष्कर्ष काढू नका.

चिठ्ठ्यांच्या भिंतीचं काय करायचं? मी ती टाकलेली नाही, फक्त प्रश्नाची जात बदलली. ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारलं की चाळीस वेगवेगळी मतं येतात आणि त्यांचं काहीच करता येत नाही. त्याऐवजी असं काहीतरी मागा ज्याचे ढीग करता येतील. उदाहरणार्थ, धडा संपताना ‘अजून न कळलेली एक गोष्ट प्रश्नाच्या रूपात लिहा’. मग दोन मुलांना पुढे बोलवायचं आणि सारख्या चिठ्ठ्या ओढून एकत्र लावायला सांगायचं. पाच-सहा ढीग होतात. सगळ्यात मोठा ढीग हा उद्याच्या तासाचा पहिला विषय. दुसऱ्या दिवशी तीच भिंत उघडून ‘काल अकरा जणांनी हे विचारलं होतं’ असं म्हणून सुरुवात केली की तिसऱ्या काय, तेराव्या तासालाही मुलं लिहितात.

आता गटकाम, म्हणजे एक लिहितो आणि बाकीचे बघतात ते. यात थोडं यंत्राच्या पोटात शिरावं लागेल. गूगल डॉक्ससारख्या दस्तऐवजात दोघं एकाच वेळी टाईप करतात तेव्हा घोटाळा का होत नाही? समजा ओळीत ‘कमळ’ आहे. एकाने सुरुवातीला ‘ते’ घातलं, त्याच क्षणी दुसऱ्याने तिसरं अक्षर खोडलं. दुसऱ्याची आज्ञा जशीच्या तशी अमलात आली तर भलतंच अक्षर उडेल, कारण मधल्या काळात सगळी अक्षरं पुढे सरकलीत. म्हणून यंत्र ती आज्ञा आधी बदलून घेतं: ‘तिसरं होतं, आता अमुकावं’. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी 1989 मध्ये या कल्पनेची मांडणी केली, तिला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. एकत्र लिहिण्याची बरीच साधनं या पायावर उभी आहेत.

हे सगळं सांगायचं कारण, यंत्र फक्त अक्षरं सांभाळतं, अर्थाशी त्याला देणंघेणं नसतं. एका गटाच्या दस्तऐवजात वाक्य होतं, ‘पाण्याचं बाष्पीभवन उष्णतेमुळे होतं.’ एका मुलीला वाटलं, आपण ‘सर्व तापमानांना’ असं घालावं. त्याच वेळी दुसऱ्या मुलाला वाटलं, ‘फक्त’ घालावं. दोघांनी एकाच जागी आपापले शब्द घातले आणि यंत्राने इमानेइतबारे दोन्ही ठेवले: ‘पाण्याचं बाष्पीभवन फक्त सर्व तापमानांना उष्णतेमुळे होतं.’ दोघंही आपलं काम झालं म्हणून खूश, आणि वाक्य मात्र निरर्थक. एकत्र लिहिणं म्हणजे एकत्र विचार करणं, हा समज तिथे पार उघडा पडला.

तेव्हापासून मी चार गोष्टी कटाक्षाने करतो. एका दस्तऐवजात चाळीस जण कधीच नाहीत, चौघांना एक. प्रत्येक परिच्छेदाला एक धनी, त्याचं नाव समासात. बाकीच्यांना त्या परिच्छेदात थेट हात घालायची मुभा नाही, सूचना देण्याच्या पद्धतीतच बदल सुचवायचा आणि धन्याने तो स्वीकारायचा किंवा कारण लिहून नाकारायचा. ही नकाराची कारणं वाचायला मला मुख्य निबंधापेक्षा जास्त मजा येते. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे गटाने एकत्र येण्याआधी प्रत्येकाने पाच मिनिटं एकट्याने, स्वतंत्र पानावर लिहायचं. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये दाखवलं होतं की एकत्र बसून कल्पना सुचवणाऱ्या गटापेक्षा तितकेच लोक वेगवेगळे बसून जास्त कल्पना काढतात. मोठं कारण साधं होतं: एक बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता सुचलेलं निसटतं. तुमच्या गटात बघत बसणारे तिघं आळशीच असतील असं नाही, त्यांची पाळी येईपर्यंत पहिल्याने पान भरलेलं असतं.

एकदा शिक्षकांच्या प्रशिक्षणात तीसेक जण एका दस्तऐवजात होते. कुणाच्या तरी बोटांनी ‘सगळं निवडा’ आणि ‘खोडा’ अशा दोन कळा दाबल्या. तासाभराचं काम पांढरं पान झालं. खोलीत अशी शांतता पसरली की विचारू नका. मी आवृत्ती-इतिहास, म्हणजे दस्तऐवजाच्या आधीच्या प्रतींची यादी, उघडला, तीन मिनिटांपूर्वीची आवृत्ती निवडली आणि सगळं परत आणलं. त्या दिवशी इतर काय शिकवलं ते कुणाच्या लक्षात नसेल, हे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं. आता मी हा अपघात पहिल्याच दिवशी मुद्दाम घडवतो: एका मुलाला सगळं खोडायला सांगतो आणि दुसऱ्याला परत आणायला. भीती गेली की मुलं लिहायला धजावतात. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 25 मार्च 1995 रोजी पहिली विकी खुली केली तिच्यातही हाच विश्वास होता. कुणालाही पान बदलू द्या, बिघडलं तर दुरुस्त करणं सोपं ठेवा. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट.

आवृत्ती-इतिहासाचा दुसरा उपयोग तपासणीसाठी करावासा वाटेल. जपून. कुणी किती अक्षरं टाईप केली यावर गुण द्यायला लागलात की मुलं एकच परिच्छेद कापून चिकटवून आकडा वाढवतात. मी इतिहास उघडून मुलाला शेजारी बसवतो आणि विचारतो, ‘मंगळवारी हे वाक्य इथे होतं, बुधवारी तू काढलंस, का?’ ज्याने खरंच काम केलंय तो सांगू शकतो.

ज्यांच्यावर वेळ खर्च करावा असं मला सर्वात जास्त वाटतं ती मात्र तुमच्या यादीत नसलेली साधनं आहेत: ज्यात मुलगा विषयाशीच झटापट करतो. मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्ग विद्यापीठात शिकताना सुरू केलेलं, भूमिती आणि बीजगणित हलवून बघायचं जिओजेब्रा, कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला फेट हा प्रतिकृतींचा (पडद्यावर करून बघायच्या प्रयोगांचा) प्रकल्प, आलेख काढायला डेस्मॉस, प्रोग्रॅमिंगसाठी एमआयटीतून 2007 मध्ये आलेलं स्क्रॅच. इथे उत्तर ‘बरोबर’ की ‘चूक’ हे शिक्षक सांगत नाही, समोरचा आलेख सांगतो.

पण इथेही नुसतं ‘सरकपट्टी हलवून बघा’ म्हटलं तर मुलं टीव्ही बघितल्यासारखं बघतात. आधी भाकीत, मग हालचाल. y = ax² + bx + c चा आलेख पडद्यावर ठेवा. c वाढवला तर आलेख वर जातो हे सगळे ओळखतात. a ऋण केला तर उलटा होतो हेही. आता विचारा, फक्त b बदलला तर काय होईल? कागदावर बोटाने मार्ग काढा. जवळजवळ सगळे ‘डावीकडे-उजवीकडे सरकेल’ म्हणतात. मग b ची सरकपट्टी हलवा. आलेख सरकतो खरा, पण सरकता सरकता झोका घेतो. शिरोबिंदूचा माग उमटवून ठेवायची सोय जिओजेब्रात आहे, ती चालू करा. a धन असेल तर शिरोबिंदू एका उलट्या परवलयावरून चाललेला दिसतो. ‘हे असं का?’ हा प्रश्न मग मुलं विचारतात, आणि फळ्यावर x = −b/2a घालून y = c − ax² काढून दाखवायला तुम्हाला निमित्त मिळतं. भाकीत कागदावर असेल तरच हा धक्का बसतो. नाहीतर ‘हो, तसंच वाटलं होतं’ म्हणायला सगळे तयार.

ऑनलाइन फळा मी जवळजवळ सोडून दिलाय. मोठ्या पडद्यावर, चार-पाच मोठ्या माणसांच्या बैठकीत तो उत्तम. फोनवर मात्र त्या अथांग पानावर मूल हरवतं, अर्धा वेळ ‘मी कुठे आहे’ यातच जातो. त्यात चिठ्ठी ओढून नेण्यावरच सगळं काम असेल तर ज्याला नीट दिसत नाही किंवा बोटाने ओढता येत नाही तो बाहेरच राहिला. नवीन साधन घेण्याआधी मी एक गोष्ट करून बघतो: माउस बाजूला ठेवून फक्त कळफलकावर ते चालतं का. आणि ‘हिरवं म्हणजे बरोबर, लाल म्हणजे चूक’ एवढंच रंगाने सांगत असेल तर नापास.

म्हणजे तुमच्यासाठी हिशेब असा: मत घेण्याचं एक साधन, एकत्र लिहिण्याचं एक आणि तुमच्या विषयाचं एक प्रतिकृतीचं. तीनच, आणि वर्षभर तीच. दर महिन्याला नवं आणलं की मुलांची शक्ती बटणं शोधण्यात जाते.

सहकाऱ्यांबरोबरच्या पसाऱ्याचं मूळ बहुधा असं असतं की सगळे एकमेकांना फायली पाठवतात. ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’, ‘अंतिम खरोखरची’ ही नावं तुमच्याकडेही असतीलच. फाइल पाठवायची नाही, एकाच जागी ठेवून तिचा दुवा पाठवायचा, एवढ्याने निम्मा गोंधळ मिटतो. उरलेला निम्मा परवानग्यांचा. मूळ प्रत सगळ्यांना फक्त बघण्यासाठी खुली, ज्याला बदल करायचा त्याने स्वतःची प्रत काढायची. प्रत्येक साहित्याच्या पहिल्या पानावर दोन ओळी हव्यातच: कुठे वापरलं आणि कुठे फसलं. दुसरी ओळ लिहायला शिक्षक लाजतात, पण सहकारी आधी तीच वाचतात.

दुसऱ्याचं साहित्य वापरताना परवाना बघा. आपलं साहित्य इतरांना कोणत्या अटींवर वापरता येईल हे सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे सहा परवाने आहेत. सगळ्यांत श्रेय देणं आलंच. ‘एनसी’ दिसलं तर व्यापारी वापर नाही. ‘एनडी’ दिसलं तर बदल करून वाटता येत नाही, आणि भाषांतर हाही बदलच धरला जातो. एखादा सुंदर कृतिसंच मराठीत करून सगळ्यांना देऊ असा बेत असेल तर ‘एनडी’पाशी थांबावं लागतं. ‘एसए’ असेल तर तुमची आवृत्तीही त्याच अटीवर खुली करावी लागते. स्क्रॅचवर वाटलेले प्रकल्प याच प्रकारचे असतात, म्हणून तिथे दुसऱ्याचा प्रकल्प उघडून आपला करायला कुणाचा संकोच नसतो.

आणि साधन बंद पडेल हे गृहीतच धरा. ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ चालवणाऱ्या फ्लॅशचा पाठिंबा 31 डिसेंबर 2020 ला संपला आणि असंख्य शैक्षणिक प्रतिकृती एका रात्रीत निकामी झाल्या. ज्यांनी आधीच एचटीएमएल5 या ब्राउझरमध्ये थेट चालणाऱ्या तंत्राकडे मोर्चा वळवला होता ते तरले. गूगलचा ऑनलाइन फळा जॅमबोर्ड 31 डिसेंबर 2024 ला बंद झाला. माझे स्वतःचे दोन वर्षांचे प्रश्नसंच एका छोट्या सेवेबरोबर गेले. सूचनेचा मेल आला होता, मी उघडला नव्हता. आता पहिल्याच दिवशी बघतो: माझं साहित्य साध्या फाइलच्या रूपात बाहेर काढता येतं का? प्रश्न असतील तर तक्त्यात, लिखाण असेल तर पीडीएफमध्ये तरी. येत नसेल तर त्यात एक तासाहून जास्त गुंतवणूक नाही.

मुलांच्या माहितीबद्दल एवढंच पाळा. पूर्ण नाव नको, नाव आणि हजेरी क्रमांकही एकत्र नको, एखादं ठरलेलं टोपणनाव पुरे. ‘लिंक असलेला कोणीही बदल करू शकेल’ ही परवानगी तास संपताच काढा. ही लिंक पुढे कुठे पोचते ते तुमच्या हातात राहत नाही. बऱ्याच सेवांच्या अटींमध्ये तेरा वर्षांची मर्यादा दिसेल, ती अमेरिकेतल्या 1998 च्या मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेच्या कायद्यामुळे आलेली आहे. लहान वर्गांसाठी खातं न उघडता चालणारं साधनच निवडा. निनावी लिहू द्यावं का? न कळलेलं विचारताना जरूर द्यावं, मतं मांडताना मी देत नाही. एकदा दिलं होतं, वर्गातल्या एका मुलीबद्दल जे आलं ते पडद्यावर जायच्या आत पुसता पुसता घाम फुटला. तेव्हापासून चिठ्ठी आधी माझ्याकडे येते, मी मंजूर केली की भिंतीवर जाते.

उरला धड फोन नसलेल्यांचा प्रश्न. दोघांत एक फोन ही मला तडजोड वाटत नाही, मत नोंदवण्याच्या कामात मी सगळ्यांकडे फोन असले तरी दोघांत एकच ठेवतो. एकच बोट दाबणार म्हटल्यावर दोघांना आधी बोलावं लागतं. फक्त बोट दर प्रश्नाला आळीपाळीने. नेट गेलं तर अ, ब, क, ड लिहिलेली चार कार्डं प्रत्येकाच्या दप्तरात असतात, छातीशी धरून फक्त मला दाखवायची. मी डोळ्यांनी अंदाज घेतो, आणि 30 की 70 एवढं कळायला तो पुरतो. एकत्र लिहिताना ज्याच्याकडे साधन नाही तो वहीत लिहितो, गटातला एक जण पानाचा फोटो दस्तऐवजात त्याच्या नावाच्या परिच्छेदात डकवतो आणि बाकीचे त्यावरही तसेच शेरे टाकतात. घरी जाऊन करायचं असं काही मी या साधनांवर देतच नाही. जे ऑनलाइन आहे ते वर्गातच सुरू होऊन वर्गातच संपतं, घंटेआधी सात मिनिटं राखून, कारण फोटो चढायला तेवढा वेळ लागतोच.